गुरुजी शाळा सोडतात तेव्हां

वकिलानें वकिली सोडून व्यापार धरला, किंवा एखाद्या कारकुनानें कचेरी सोडून दुकान थाटलें, तर लोक त्याला फार तर धाडसी म्हणतात आणि विसरून जातात. शिक्षकानें शाळा सोडली म्हणजे मात्र त्याला कारण द्यावें लागतें. तें कारण प्रकृतीचें असेल तर लोक हळहळतात. पगाराचें असेल तर नाक मुरडतात. आणि ‘आतां शिकविणें होत नाहीं’ एवढेंच तो म्हणाला, तर त्यावर कोणाचा विश्वासच बसत नाहीं. पांच-सहा तासांची शाळा, दिवाळीची सुटी, उन्हाळ्याची सुटी, सायंकाळ मोकळी. मग थकायला झालें काय? हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनहि सहज विचारला जातो. त्याचें उत्तर जरा सावकाशीनें शोधणें अवश्य आहे; कारण शाळा सोडणाऱ्या शिक्षकांची संख्या वाढत आहे, आणि जे सोडून जातात ते सगळेच कांहीं कामचुकार नसतात.

युनेस्को या संस्थेनें २०२४ सालीं शिक्षकांच्या स्थितीविषयीं एक जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. २०३० सालापर्यंत जगाला ४ कोटी ४० लाख शिक्षक आणखी लागतील, असा त्यांतील हिशेब आहे. नवीन शाळा उघडावयाच्या आहेत एवढ्याच कारणानें ही उणीव पडलेली नाहीं. निघून गेलेल्या शिक्षकांच्या जागा भरावयाच्या आहेत, हें तिचें मोठें कारण आहे. प्राथमिक शाळांतून दरसाल बाहेर पडणाऱ्या शिक्षकांचें प्रमाण २०१५ सालीं शेंकडा ४.६२ होतें, तें २०२२ सालीं शेंकडा ९.०६ झालें. सात वर्षांत जवळजवळ दुप्पट! हे सगळेच थकून गेले असें नव्हे. कोणी वयानें निवृत्त झाले, कोणी अधिक पगाराच्या नोकरीवर गेले. परंतु वय आहे, विद्या आहे, मुलांविषयीं एके काळीं अपार प्रेम होतें, आणि तरीहि ज्यांना वर्गाची पायरी चढवेना, अशा शिक्षकांचाच येथें विचार करावयाचा आहे.

या अवस्थेला इंग्रजींत ‘बर्नआउट’ असें नांव आहे. न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यानें १९७४ सालीं तें शास्त्रीय लेखांत रूढ केलें. व्यसनी लोकांसाठीं चाललेल्या एका मोफत दवाखान्यांतील स्वयंसेवक त्याच्या पाहण्यांत होते. जे सर्वांत अधिक तळमळीनें कामाला लागले, तेच आधीं खचतात, असें त्याच्या ध्यानीं आलें. पुढें कॅलिफोर्नियांतील विदुषी क्रिस्टिना मॅस्लॅक हिनें या अवस्थेचीं तीन अंगें निश्चित केलीं, आणि १९८१ सालीं तीं मोजण्याची प्रश्नावली एका सहकारिणीबरोबर प्रसिद्ध केली. पहिलें अंग म्हणजे मनाचा शीण. दुसरें, ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्यांच्याविषयींच येणारा कोरडेपणा. आणि तिसरें, आपल्या हातून कांहींच होत नाहीं अशी भावना. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेलें रोगांचें वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलें. त्यांतहि या अवस्थेची नोंद आहे. पण ती रोग म्हणून नव्हे, तर कामाशीं निगडित अशी एक अवस्था म्हणून. हा भेद बारकाईनें पाहण्यासारखा आहे. रोगाचें मूळ रोग्याच्या ठायीं शोधतात. या अवस्थेचें मूळ कामाच्या रचनेंत शोधावें लागतें.

परक्या शब्दापेक्षां घरांतला शब्द कधीं कधीं अधिक बोलका असतो. ‘करपणें’ हा शब्द येथें चपखल बसतो. भात करपतो तो तांदूळ हलका म्हणून नव्हे. चुलीची आंच तशीच राहिली आणि भांड्यांतलें पाणी आटलें, म्हणून. तांदूळ आंबेमोहोर असला तरी करपतो. शिक्षकाचेंहि असेंच होतें.

एखाद्या माध्यमिक शाळेंतील तरुण बाई दृष्टीसमोर आणाव्या. पहिल्या वर्षीं त्या रात्रीं जागून पाठाची टांचणें काढतात, रंगीत कागदांचे तक्ते स्वतःच्या पैशानें करतात, कोणा मुलाचा बाप आजारी आहे आणि कोणती मुलगी डबा आणीत नाहीं, हें सारें त्यांना ठाऊक असतें. वर्गांत पन्नास मुलें. त्या पन्नासांनाहि त्या नांवानें हांक मारतात. पांचव्या वर्षींहि मुलें पन्नासच असतात. पण तक्त्यांच्या जोडीला तऱ्हेतऱ्हेची माहिती भरावयाचे रकाने आलेले असतात. आठव्या वर्षीं त्या रविवारीं दुपारपासूनच सोमवारच्या विचारानें उदास होतात. दहाव्या वर्षीं एक दिवस असा येतो, कीं एखादा मुलगा रडत जवळ येतो आणि बाईंच्या मनांत दया उत्पन्न होण्याऐवजीं ‘आतां हें आणखी काय?’ असा विचार येतो. त्या विचारानें त्या स्वतःच दचकतात. पुष्कळ शिक्षक शाळा सोडण्याचा निश्चय करतात तो अशा एखाद्या क्षणीं. पगाराच्या पत्रकांत तो क्षण दिसत नाहीं. राजीनाम्यांत ‘घरगुती कारणास्तव’ एवढेंच लिहिलेलें असतें.

शिकविण्याचें काम वरून दिसतें त्याहून निराळें आहे. वर्गांत उभा असलेला माणूस एकाच वेळीं विषय मांडीत असतो, पन्नास चेहरे वाचीत असतो, मागच्या बांकावरची खोडी न पाहिल्यासारखी करून पाहत असतो, आणि स्वतःचा राग, कंटाळा व दुःख यांना दाराबाहेर ठेवून प्रसन्न दिसत असतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड हिनें १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, आपल्या भावनांना कामासाठीं वळण लावण्याच्या या श्रमाला ‘भावनिक श्रम’ असें नांव दिलें. हमालाचें ओझें उतरलें म्हणजे दिसतें. हें ओझें उतरलें कीं नाहीं, हें शिक्षकालाहि कळत नाहीं. शिवाय हें काम संपत नाहीं. तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा संपतो. पण ‘या मुलासाठीं आणखी कांहीं करतां आलें असतें,’ ही रुखरुख संपत नाहीं. जितका शिक्षक चांगला, तितकी ती रुखरुख मोठी.

एवढ्यावरून मुलांना शिकविणें हेंच शिक्षकाला संपवितें, असा निष्कर्ष निघेल. पण तो बरोबर नाहीं. खरें कारण दुसरीकडे आहे, आणि तें पाहण्यासाठीं जपानकडे वळणें इष्ट होईल. शिक्षकाला ‘सेन्सेइ’ या आदराच्या संबोधनानें हांक मारणाऱ्या त्या देशानें शिक्षकांच्या श्रमाची आंकडेवारी मोठ्या नेटानें गोळा केलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत एक मोठा वाद माजला. शिक्षकाचें काम हें पवित्र व्रत आहे, असें एका पक्षाचें म्हणणें. तर १९५२ सालीं तेथील शिक्षकसंघानें आपल्या नीतिसंहितेंत शिक्षक हा कामकरी आहे, असें स्पष्ट घोषित केलें. पुढें जादा कामाचें वेतन मागणारे दावे न्यायालयांत गेले. १९६६ सालीं सरकारनें पाहणी केली, तेव्हां शिक्षकाचें जादा काम महिन्याकाठीं सुमारें ८ तास भरलें. त्याच आधारावर १९७१ सालीं एक खास कायदा झाला. शिक्षकाचें काम त्याच्या स्वतःच्या प्रेरणेनें चालतें, तें इतर कामांप्रमाणें घड्याळानें मोजणें योग्य नव्हे, असा त्या कायद्यामागील विचार. म्हणून जादा तासांचें वेतन बंद करून सर्वांना पगाराच्या शेंकडा ४ इतकी रक्कम सरसकट द्यावयाची ठरली. वरवर पाहतां हा शिक्षकाचा गौरवच होता. परंतु जें मोजावयाचें नाहीं असें ठरलें, त्याला मर्यादाहि उरली नाहीं. सायंकाळचे खेळ, रविवारचे सामने, पालकांच्या तक्रारी, सरकारी पत्रकें, सगळें त्या चार टक्क्यांत बसूं लागलें. शाळेनें सांगितलेलें तें काम, आणि उरलेलें सर्व शिक्षकानें स्वखुशीनें केलेलें, अशी समजूत रूढ झाली.

याचा परिणाम २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय पाहणींत स्वच्छ दिसला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनें ती केली होती. कनिष्ठ माध्यमिक शाळेंतील जपानी शिक्षक आठवड्यास ५६ तास काम करीत होता. पाहणींतील देशांची सरासरी ३८.३ तास होती. आतां गंमत अशी, कीं प्रत्यक्ष वर्गांत शिकविण्याचे तास जपानांत १८ होते आणि सरासरी २०.३ होती! म्हणजे जपानी शिक्षक इतरांपेक्षां कमी शिकवीत होता, आणि कितीतरी अधिक राबत होता. खेळ व छंद यांच्या मंडळांवर त्याचे ७.५ तास जात, सरासरी १.९ होती, कचेरीच्या कामावर ५.६ तास जात, सरासरी २.७ होती. ज्या देशांत अतिश्रमानें येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे, त्या देशांत कनिष्ठ माध्यमिक शाळांतील निम्म्याहून अधिक शिक्षक आठवड्यास ६० तासांवर काम करतात, असें सरकारच्याच २०१६ च्या पाहणींत आढळलें होतें.

मार्च २०२१ मध्यें तेथील शिक्षण मंत्रालयानें, तरुणांना या पेशाचें आकर्षण वाटावें म्हणून, शिक्षकांनीं आपले अनुभव जाहीरपणें सांगावे, अशी मोहीम काढली. एका पिढीनें दुसरीच्या हातीं कांठी सोंपवावी, अशी त्या मोहिमेच्या नांवांतील कल्पना होती. शिक्षकांनीं अनुभव सांगितले; पण ते न संपणाऱ्या दिवसांचे आणि हरवलेल्या रविवारांचे होते. २००० सालच्या भरतींत प्राथमिक शिक्षकाच्या एका जागेमागें १२.५ उमेदवार होते. २०२४ च्या भरतींत ते २.२ राहिले. एप्रिल २०२३ पासूनच्या वर्षांत मनाच्या आजारामुळें रजेवर गेलेल्या सरकारी शाळांतील शिक्षकांची संख्या ७,११९ झाली. अखेर जून २०२५ मध्यें तो जुना कायदा बदलण्यांत आला. चार टक्के २०३१ पर्यंत क्रमानें दहा होणार आहेत, आणि जादा तास कमी करण्याचें बंधनहि घालण्यांत आलें आहे. चूक दुरुस्त होण्यास अर्धें शतक लागलें. शिक्षकाच्या पेशाचा नुसता गौरव केला आणि त्याचें काम मात्र मोजलें नाहीं, तर काय होतें, हें या इतिहासावरून कळतें.

जपानची ही कथा मराठी माणसाला परकी वाटूं नये. गुरूला वंदन करण्याची आणि त्याचा हिशेब न ठेवण्याची संवय महाराष्ट्रालाहि जुनीच आहे. शिक्षकाच्या त्यागाची गोष्ट निघाली, कीं येथें पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचें उदाहरण हटकून दिलें जातें, आणि तें योग्यच आहे. १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनीं ती शाळा काढली. आगरकर लवकरच येऊन मिळाले. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ सालीं फर्गसन कॉलेज निघालें. विद्वान माणसांनीं सरकारी नोकरीची वाट सोडून अल्प वेतनावर शिकविण्याचें व्रत घेतलें. मात्र या त्यागाच्या दोन गोष्टी सांगावयाच्या राहून जातात. पहिली ही, कीं त्या व्रताला मुदत होती. आजीव सभासदानें वीस वर्षें सेवा करावयाची, असा नेम होता. गोपाळ कृष्ण गोखले तो पुरा करून १९०२ सालीं कॉलेजांतून मोकळे झाले, आणि त्यांना कोणी पळपुटे म्हटलें नाहीं. दुसरी ही, कीं संस्थेचा कारभार सभासदांच्याच हातीं होता. काय शिकवावें, कसें शिकवावें, पैसा कसा खर्चावा, हें तेच ठरवीत. मतभेद झाले तेहि त्यांच्यांतच. टिळक १८९० सालीं बाहेर पडले ते अशाच तत्त्वाच्या वादांतून. तेथेंहि देहाला सोसावें लागलेंच. दम्यानें जर्जर झालेले आगरकर प्राचार्यपदावर असतांनाच १८९५ सालीं, वयाची चाळिशीहि न गांठतां गेले. पण त्यांचा त्याग त्यांनीं स्वतः निवडलेला होता. दुसऱ्यानें लादलेल्या ओझ्याला त्याग हें नांव देतां येत नाहीं.

आजच्या शिक्षकाच्या हातीं या दोहोंपैकीं किती आहे? कायदा पाहिला तर तो शहाणपणाचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्राथमिक शाळांत तीस मुलांमागें एक शिक्षक असें प्रमाण घालून दिलें. शिक्षकाचा आठवडा पाठाच्या तयारीसकट ४५ तासांचा धरला, म्हणजे घरीं बसून केलेली तयारीहि काम आहे, हें मान्य केलें. त्याच्या २७ व्या कलमानें जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुकीचीं कामें एवढीं सोडून शिक्षणेतर कामास शिक्षकाला जुंपूं नये, अशी आज्ञा केली. पण शिक्षकांच्या कोणत्याहि सभेंत जावें, तर पहिली तक्रार ‘अशैक्षणिक कामां’चीच ऐकूं येते. मतदारयाद्या आहेत, दुपारच्या आहाराचा हिशेब आहे, आणि तीच माहिती पुन्हां पुन्हां निरनिराळ्या तक्त्यांत भरून पाठविणें आहे. एकेक काम पाहिलें तर लहान. पण तीं सगळीं मिळून भांड्यांतलें पाणी आटवितात. आणि नव्यानें येणाऱ्याचें स्वागत कसें होतें? महाराष्ट्रांत २००० सालापासून नव्या शिक्षकाला पहिलीं तीन वर्षें ‘शिक्षणसेवक’ म्हणून ठराविक मानधनावर काढावीं लागतात. प्राथमिक शाळेंतील शिक्षणसेवकाचें हें मानधन महिना ६,००० रुपये होतें. तें २०२३ सालीं १६,००० झालें. ज्याला सेवक म्हटलें त्याच्याकडून सेवेची अपेक्षा वाढते. त्याच्या उपजीविकेची काळजी मात्र मागें पडते.

सरकारला दोष देऊन सुशिक्षित घरांना हात झटकतां येणार नाहींत. शाळेची घंटा पूर्वीं चार मैलांवर ऐकूं येत नसे. आतां ती शिक्षकाच्या उशाशीं, त्याच्या खिशांतल्या फोनमध्यें वाजते. पालकांच्या गटावर रात्रीं दहा वाजतां विचारलें जातें, कीं उद्यांच्या चाचणीला कोणता धडा आहे. सव्वादहाला दुसरे पालक विचारतात, कीं पहिल्यांना उत्तर कां दिलें नाहीं. डॉक्टराला रात्रीं उठवितांना माणूस दहादां विचार करतो, कारण त्याच्या वेळेचें मोल बिलांत दिसतें. शिक्षकाच्या वेळेचें मोल कोठेंच लिहिलेलें नसतें, म्हणून ती फुकट आहे असा समज होतो. गुरुपौर्णिमेला हार आणि इतर दिवशीं तक्रार, असा हा व्यवहार आहे.

मग थकलेल्या शिक्षकानें शाळा सोडावी कीं नाहीं? कित्येक म्हणतील, सोडणें हा मुलांचा विश्वासघात आहे. या बोलण्यांत थोडें सत्य आहे. अनुभवी शिक्षक गेला म्हणजे त्याच्या जागीं दुसरा येतो, पण त्याची जाण येत नाहीं. कोणत्या मुलाला रागें भरावें आणि कोणत्याला कधींच भरूं नये, हें शिकायला दहा वर्षें लागतात, आणि तें ज्ञान कोणत्याहि कपाटांत ठेवून जातां येत नाहीं. तथापि याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ज्याच्या मनांतील ओल संपली आहे, असा माणूस केवळ निवृत्तिवेतनासाठीं वर्गांत बसून राहिला, तर त्याचा कोरडेपणा शेवटीं मुलांच्या अंगावर जातो. उपरोध, अपमान, उदासीनता या रूपांनीं तो बाहेर येतो. असें होण्यापूर्वीं जो निघून जातो, तो मुलांशीं प्रामाणिकच वागतो. त्याला भित्रा म्हणणें हा अन्याय आहे. सहा महिन्यांची रजा, वर्गाची अदलाबदल, किंवा लिहिण्याच्या कामांतून सुटका एवढ्यानेंहि कित्येकांची ओल परत येऊं शकते. पण ती मागण्याचीहि लाज वाटावी, अशी परिस्थिति आहे. आजारी पडल्यास सहानुभूति मिळते, थकल्यास मिळत नाहीं. म्हणून शिक्षक आजारी पडेपर्यंत थांबतो.

उपाय फार अवघड आहेत असें नाहीं. पहिला उपाय, शिक्षकाचें सर्व काम मोजावें. वर्गांतलें, घरचें आणि कागदावरचें. मोजणें म्हणजे अविश्वास नव्हे. जपानच्या उदाहरणावरून उलट असें दिसतें, कीं न मोजणें हेंच अधिक निर्दय ठरतें. दुसरा, लिहिण्याचें व हिशेबाचें काम लेखनिकाकडे द्यावें; शाळेंत एक लेखनिक वाढविणें हें एक अनुभवी शिक्षक गमावण्यापेक्षां स्वस्त आहे. तिसरा, शाळेच्या निर्णयांत शिक्षकाला खरा आवाज द्यावा. स्वतः ठरविलेल्या कामाचें ओझें जितकें पेलतें, तितकें दुसऱ्यानें ठरविलेल्याचें पेलत नाहीं. चौथा उपाय घराघरांतला आहे: सायंकाळीं सातनंतर शिक्षकाला त्याच्या घरीं राहूं द्यावें, आणि मुलाच्या तक्रारीबरोबर मुलाला आलेलें एखादें नवें ज्ञानहि शिक्षकाच्या कानीं घालावें. आपल्या हातून कांहीं होत नाहीं, या भावनेवर याहून गुणकारी औषध नाहीं.

जून महिन्यांत शाळा उघडतात. त्या दिवशीं कोणत्या तरी वर्गांतील मुलें घरीं येऊन सांगतील, कीं गेल्या सालच्या बाई आतां येणार नाहींत. त्यावर ‘दुसऱ्या येतील’ असें म्हणून विषय संपवूं नये. त्या कां गेल्या, हें एकदां चौकशी करून समजून घ्यावें. कारण ज्या दुसऱ्या येतील, त्यांनाहि त्याच वर्गांत, त्याच रकान्यांपुढें आणि त्याच पालकांपुढें उभें राहावयाचें आहे.